कड्यावरची काळी रेघ

म्युनिकला चित्रकला शिकून आलेली टोर्बोर्ग दर उन्हाळ्यात फ्योर्डकाठी, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीकाठी, ओलाउग नावाच्या शेतकरणीच्या घरी उतरायची आणि समोरचा डोंगर रंगवायची. राजधानीतल्या प्रदर्शनांत तिचं नाव झालं, ते याच डोंगरामुळे.

अकराव्या उन्हाळ्यात तिने जुनी चित्रं सोबत आणली. ती ओळीने भिंतीला टेकवताना तिचा हात थांबला. त्या डोंगराच्या कड्यावरची काळी रेघ पहिल्या चित्रात केसाएवढी होती. आता तिच्यात गाय मावली असती.

"ओलाउगताई, हा कडा सुटतोय."

ओलाउग बटाटे सोलत होती. "तुझेच डोळे थकले असतील गं. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून तो तिथेच आहे."

"रोज दगड पडतात, ते ऐकू येतं ना?"

"येतं," ओलाउग हळूच म्हणाली. "शेळ्यासुद्धा हल्ली त्या अंगाला चरत नाहीत."

टोर्बोर्गने गावप्रमुखाला चित्रं दाखवली. "सुरेख आहेत, बाईसाहेब," तो म्हणाला. "पण गवत कापायला आलंय. चित्र बघून गाव हलवू का?"

ओलाउग तेवढी मुलांना घेऊन घरामागच्या डोंगरापलीकडे बहिणीकडे गेली. नवरा गवतासाठी मागे राहिला.

सप्टेंबरात एका सकाळी अर्धा कडा पाण्यात कोसळला आणि लाटेने नऊ घरं नेली. त्यातल्या एकात ओलाउगचा नवरा होता.

उरलेला अर्धा अजून वरच लटकत होता. पुढच्या उन्हाळ्यात टोर्बोर्गने चढावरच्या एका घरात खोली घेतली. दर शनिवारी वाचलेली माणसं तिथे यायची, तिचं नवं चित्र जुन्याशेजारी ठेवून उरलेल्या कड्यावरची रेघ रुंदावली का ते बघायची आणि निघून जायची.