गप्पांचा रकाना

टिल्ली मावशीपेक्षा अर्धा हात उंच झाली त्याला चार वर्षं लोटली, तरी नाव काही बदललं नाही. व्यवस्थापन पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, मनुष्यबळ हा विषय घेऊन बसलेल्या वर्गाच्या हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं. पण रुग्णालयाच्या कापडखोलीत तिनं पाऊल ठेवलं न ठेवलं तोच इस्त्रीवाल्या काकांनी हाक दिली, "या टिल्लीबाई. साहेबीण होऊन आलात म्हणे."

साहेबीण वगैरे काही नव्हतं. शेवटच्या सत्राचं काम होतं. एखाद्या पदावरच्या माणसाजवळ पाच दिवस बसायचं, दर पाच मिनिटांनी ते माणूस काय करतंय ते लिहायचं आणि त्यावरून त्या पदाचं कामवर्णन तयार करायचं. कागदाला तीन रकाने होते: काम, वाट पाहणं, गप्पा. शिकवणाऱ्या बाईंनी नियम एकच सांगितला होता. दिसेल ते लिहा, वाटेल ते लिहू नका.

टिल्लीनं मावशीचं पद निवडलं. सोपं जाईल हे एक कारण होतं. दुसरं कारण तिनं अर्जात लिहिलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. भेटायला येणारी माणसं 'माय मरो पण मावशी उरो' म्हणायची, आणि मावशी त्यांना चहा न विचारता वाटेला लावायची. तेव्हापासून टिल्ली बघत होती, मावशी रोज आठला घर सोडायची आणि पाचला परत यायची. मधले नऊ तास ती काय करते, हे टिल्लीला ठाऊक नव्हतं. 'कपड्यांचं काम' एवढंच तिला माहीत होतं.

परवानगी देताना रुग्णालयाच्या मनुष्यबळ अधिकारीबाईंनी अट घातली की अहवालाची एक प्रत त्यांना मिळावी. त्यांच्याकडची कामवर्णनं बारा वर्षांपूर्वीची होती. नवी आयती मिळत असतील तर हवीच होती. त्यांनी जुना कागद टिल्लीला दिला. मावशीच्या पदाखाली दुसरीच ओळ होती: वीस किलोपर्यंतची गाठोडी उचलून फळीवर लावणे. तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे काम न जमणाऱ्या कर्मचाऱ्यास वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त करता येईल. मावशीच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. टिल्लीनं तळटीप वाचली आणि पान उलटलं. मावशी तर धडधाकट होती.

कापडखोली तळमजल्याच्या टोकाला होती. भिंतीला लागून लोखंडी फळ्या, प्रत्येक फळीवर वॉर्डाचं नाव. मधोमध रुळांचं इस्त्रीयंत्र, खिडकीशी मावशीचं शिवणयंत्र आणि लांब टेबल. सकाळी नऊला धुलाईतून गाठोडी यायची. चादरींच्या काठाला रंगीत पट्टी शिवलेली असे: मुलांच्या वॉर्डाला लाल, बाळंतिणींना तपकिरी, पुरुषांना हिरवी. मावशी टेबलावर चादर पसरून फाटलं-विरलं बघायची, पट्टीप्रमाणे ढीग लावायची. काका एकेक ढीग रुळांतून काढायचे, दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे आणि फळीवर ठेवायचे.

"मला शिंक आली तर कुठल्या रकान्यात?" काकांनी विचारलं.

"तुमच्या शिंका मोजायला नाही आली ती," मावशी म्हणाली. "माझ्या मोजणार आहे."

काकांची जीभ यंत्राच्या तालावर चालायची. गठ्ठा हातात घेतला की म्हणायचे, "ताई, ही कुणाच्या घरची?"

मावशी शिवणातून मान वर करायची. "बाळंतिणीची."

"आणि ही?"

"पोरांची."

"काल तर म्हणालात पुरुषांची. सासर बदललं वाटतं हिनं."

"तुमची जीभ एकदा त्या रुळाखाली घाला. सरळ होईल."

टिल्ली हसायची आणि गप्पांच्या रकान्यात खूण करायची. पहिल्या दिवसाच्या खुणा भरल्या एकेचाळीस.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं कागद चाळले. गाठोडी उचलण्यापुढे तीन दिवसांत मावशीची एकही खूण नव्हती. गाडी आली की काका यंत्र थांबवायचे, सहाच्या सहा गाठोडी उचलून टेबलावर ठेवायचे आणि परत यंत्राकडे वळायचे. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की मावशी फक्त त्या दिशेला बघायची, की काका काढून द्यायचे.

संध्याकाळी मावशी भाजी निवडत होती. टिल्ली समोर बसली. "मावशी, तुझा उजवा हात वर कर बरं."

"का, शपथ घ्यायचीय?"

"कर तर."

हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मावशीनं तो खाली घेतला आणि पुन्हा शेंगा मोडायला लागली. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, सांधा धरलाय. मी म्हटलं, धरू दे, मलाही कुणी धरून ठेवलेलं बरं."

"मला सांगितलं नाहीस."

"तुझी पहिल्या वर्षाची परीक्षा होती."

"माझ्या कागदावर आलंय ते. अधिकारीबाईंकडे जाणार आहे."

मावशीनं पुढची शेंग हातात घेतली. "पेननं लिहिलंस की पेन्सिलीनं?"

"पेन्सिलीनं."

"हं," मावशी म्हणाली. तिनं पुस म्हटलं नाही, ठेव म्हटलं नाही. शेंगांची साल मात्र ताटात आणि दाणे कचऱ्यात पडत होते, हे दोघींच्याही लक्षात जरा उशिरानं आलं.

टिल्लीनं पुसलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं कच्चा अहवाल महाविद्यालयात नेला, तेव्हा त्यात मावशी रोज गाठोडी उचलत होती. शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा कपाळावर सारून पानं वाचली. त्या आवाज चढवत नसत. त्यामुळे सगळे त्यांना जास्तच घाबरत.

"चारही दिवस गाठोडी नऊ वाजून पंधरा मिनिटांनीच उचलली?"

"हो, बाई."

"बाकी एकही काम दोन दिवस एका वेळेला झालेलं नाही. हे एकच घड्याळ लावून झालं." त्यांनी पान बाजूला ठेवलं. "खोटं नेहमी वेळेवर येतं, बरं का. कोण आहे ही?"

"माझी मावशी."

बाईंनी मान हलवली. हे आधी माहीत असतं तर त्यांनी परवानगी दिली नसती, असं त्या म्हणाल्या. आणि मग, रागावण्याऐवजी, त्यांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "या एवढ्या गप्पा कसल्या?"

"काही नाही, बाई. इस्त्रीवाल्या काकांची टिंगल. रोजचंच बोलणं."

"रोज तेच?"

"हो. 'ही कुणाच्या घरची' वगैरे."

"दिवसातून चाळीस वेळा एकच विनोद कोणी करत नाही. बायकोसमोरही नाही." बाईंनी कागद परत दिले. "एक दिवस उरलाय. काय म्हणतात ते शब्दन् शब्द लिहून आण. आणि ती सव्वानऊची ओळ काढ. नाहीतर मी नापास करेन, आणि मला वाईटही वाटणार नाही."

पाचव्या दिवशी टिल्लीनं खूण न करता शब्द लिहिले. अकरा वाजेपर्यंत पान भरलं आणि तिला दिसायला लागलं. काका फक्त गठ्ठा बांधून झाल्यावर विचारत. मावशी उत्तर देण्याआधी दर वेळी मान वर करून काठाकडे बघे. मावशी स्वच्छतागृहाकडे गेली की काका यंत्र पुसत बसत, गठ्ठे टेबलावर साचत, एकही फळीवर जात नसे.

चहाच्या वेळी मावशी कप विसळायला गेली. टिल्लीनं दोन चादरींचे काठ शेजारी-शेजारी धरले, एक तपकिरी, एक हिरवा. तिनं ते काकांपुढे केले.

काकांनी बघितलं. मग हातातला कप खाली ठेवला. "दोन्ही एकाच रंगाच्या दिसतात मला," ते म्हणाले. "लहानपणापासून."

"नोकरीला लागताना डोळे तपासले नाहीत?"

"अक्षरं वाच म्हणाले, वाचली. रंग कुणी विचारले नाहीत. पहिल्याच आठवड्यात बाळंतिणींच्या चादरी पुरुषांकडे गेल्या. ताईंनी पकडलं. कुणाला बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मोठ्यानं विचारत जा, मी आहे."

"किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

मावशी दारात उभी होती. "त्यातली सतरा फुकट," ती म्हणाली. "आता दोन वर्षं खांदा वापरून वसूल करतेय."

टिल्लीच्या ध्यानात आलं की आता तिच्या कागदावर एक नाही, दोन माणसं होती. मावशीचा खांदा लिहिला की काकांचं काय, हा प्रश्न तिनं अजून तोंडानं काढलाही नव्हता, तेवढ्यात काकाच म्हणाले, "माझे डोळे पण लिही."

"गप्प बसा," मावशी म्हणाली. "तुमची आठ वर्षं बाकी आहेत. ही माझं पद लिहितेय, तुमचं नाही."

"तुमचा खांदा लिहिला आणि माझे डोळे गाळले, तर कागदावर कसं दिसेल? मी उचलतो आणि तुम्ही बसून खाता. तसं दिसू देणार नाही मी." काकांनी टिल्लीकडे बघितलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच टिंगल नव्हती. "दोन्ही लिही, बाळ. नाहीतर एकही लिहू नकोस."

टिल्लीनं दोन्ही लिहिलं. पेननं.

सोमवारी अधिकारीबाई अहवाल हातात घेऊन स्वतः कापडखोलीत आल्या. अशा बायका स्वतः खाली येतात तेव्हा बातमी चांगली नसते, असं मावशीचं मत होतं. ती शिवणयंत्रापासून उठली नाही. काकांनी यंत्र बंद केलं. टिल्ली टेबलाला पाठ लावून उभी राहिली.

"मी एका पदाचं वर्णन मागितलं होतं," अधिकारीबाई म्हणाल्या. "तुम्ही दोन पदांचं मिळून एक दिलंय."

"वेगवेगळं लिहून पाहिलं, मॅडम. दोन्ही खोटी होत होती."

"आणि गप्पांचा रकाना रिकामा कसा?"

"आधी भरलेला होता. गप्पा नव्हत्या त्या. गठ्ठा चुकीच्या वॉर्डात जाऊ नये म्हणून केलेली तपासणी होती. एकोणीस वर्षांत तक्रारी किती आल्या, ते मी वॉर्डांच्या वहीत बघितलं. पहिल्या आठवड्यातली एक."

अधिकारीबाईंनी पान उलटलं. "उद्या यांच्यातलं एक माणूस आजारी पडलं तर?"

"पडलं नाही," मावशी म्हणाली. "दोन वर्षांत पडलं नाही. मला ताप होता तरी आले. यांनी मुलीच्या लग्नाला रविवार धरला."

अधिकारीबाईंनी दोघांकडे बघितलं. "हे मी कौतुकानं ऐकू की काळजीनं?"

"दोन्हीनं ऐका," काका म्हणाले.

बाईंनी उभ्या-उभ्याच टेबलावर कागद ठेवून मजकूर लिहिला आणि लिहिता-लिहिता वाचून दाखवला. दोन्ही पदांचं वर्णन एकत्र मंजूर, जुना कागद तळटीपेसह रद्द. गाठोडी टेबलाच्या उंचीला आणणारी चाकांची गाडी घ्यावी. प्रत्येक पट्टीशेजारी वॉर्डाचा आकडा शिवावा, कारण रुग्णालय कुणाच्या तापाला घाबरून चालू शकत नाही.

"आकडे शिवले की माझी गरज संपली," मावशी म्हणाली. तिनं ते सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पण हातातला दोरा सुईत जाईना.

"आकडे शिवणार कोण?" बाईंनी विचारलं. "सहा हजार चादरी आहेत. आणि रंग सांगणं ही तुमच्या कामाची एक ओळ झाली. खाली अजून सव्वीस आहेत. वाचल्यात का?"

मावशीनं वाचल्या नव्हत्या. बाई गेल्यावर टिल्लीनं कागद तिच्यापुढे सरकवला. मावशी बोट ठेवून वाचायला लागली. चादरीवर उलटा हात फिरवून विरलेली जागा शोधणे. गाऊनच्या खिशात राहिलेल्या वस्तू वेगळ्या ठेवून वॉर्डात पोचवणे. मुलांच्या वॉर्डाकडे जाणाऱ्या चादरी इस्त्रीनंतर थंड झाल्याची खात्री करणे. कापड न्यायला आलेल्या नव्या परिचारिकेला फळ्या दाखवणे. दुसरं पान संपलं, तिसरं लागलं. काकांनी यंत्र चालू केलं नव्हतं.

"हे सगळं मी करते?" मावशीनं विचारलं.

"हो."

"रोज?"

"पाच दिवस बघितलंय मी."

मावशीनं कागदाची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि अंगठ्यानं दाबून सरळ केली. "तरीच," ती म्हणाली, "संध्याकाळी पाय दुखतात."