बरकत आणि बाटली

“माझी डावी चप्पल कुणी गिळली?” सीटखाली मान घालून दस्कीम पुटपुटत होता. “दुपारी तर होती. आता काय तिला पंख फुटले?”

“शोधा, सापडेल. गेल्या रमजानातला अर्धा खजूरही सापडेल,” ट्रकच्या दाराशी उभी असलेली त्याची बायको तुरीना म्हणाली. तिच्या कडेवर खारवलेल्या अंड्यांची टोपली होती आणि एक पाय पायरीवर होता. दुसरा पाय ठेवायचा कुठं, एवढाच प्रश्न उरला होता.

ट्रक बाहेरून बघावा! ब्रेबेसच्या कांदाबाजारात इतका चकाचक ट्रक दुसरा नव्हता. बंपर असा घासलेला, की त्यात बघून हमाल भांग पाडत. मागच्या फळीवर निळाशार समुद्र रंगवलेला, आणि त्याखाली ठळक अक्षरं : ‘वाट बघ, येतोच.’ आणि आत? आत कांद्याची टरफलं, अंड्यांची हिरवट कवचं, लवंगी सिगारेटची थोटकं, गाठ मारलेल्या पिशवीत तळाशी राहिलेला गारेगार चहा, जो आता गारही नव्हता आणि चहाही नव्हता. आणि पाण्याच्या रिकाम्या, अर्ध्या, पाऊण भरलेल्या बाटल्या. गाडी वळली की त्या सगळ्या मिळून एकीकडून दुसरीकडे निघत, वरात निघावी तशा.

“झाडू का मारत नाही हो इथं?” तुरीनानं हजाराव्यांदा विचारलं.

“कधी मारू? सकाळी गाडी भरायला उभी, दुपारी रस्त्यावर, घरी येईतो दिवेलागण झालेली. दिवेलागणीनंतर झाडलं की बरकत बाहेर जाते. तुझीच आई सांगायची.”

“आई घराचं सांगायची. गाडीचं नाही.”

“ज्याची गाडी हेच घर, त्यानं काय करायचं?” असं म्हणून दस्कीम हसला. चप्पल सापडली होती. ती ब्रेकच्या पेडलजवळच होती. त्यानं ती काढून बाजूला सारली, आणि नेहमीसारखा अनवाणी पायानं गाडी चालवायला बसला.

तुरीनानं ते पाहिलं, आणि चढता चढता ती पायरीवरच थांबली.

मंडळी, त्याचं कारण सांगायला हवं. तुरीनाचा थोरला भाऊ कार्यान पंधरा महिन्यांपूर्वी बुमीआयू गावाच्या पुढच्या उतारावर गेला. कांद्यांनी भरलेला त्याचा ट्रक सरळ दरीत उतरला. शेजारी बसलेले, त्याच्याच गाडीवर काम करणारे वस्दीकाका बाहेर फेकले गेले, वाचले. त्यांनी शुद्धीवर आल्यावर एकच शब्द सांगितला : “ब्लाँग.”

ब्लाँग म्हणजे ब्रेक गेला. आमच्या बाजूला या शब्दासारखा सोयीचा शब्द नाही. ब्लाँग म्हटलं की पुढचे प्रश्न बंद. कुणाची चूक नाही, कुणाला दोष नाही, नशिबाचा भाग! कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं तरी लोक म्हणतात, ब्लाँग झालं. कार्यानच्या चाळीसाव्या दिवशी अंगणात चटया टाकून चाळीसेक माणसं बसली होती. सगळ्यांनी भात खाल्ला, दुवा मागितली आणि तो शब्द म्हणून उठून गेली.

पण पोलीस चौकीतून कार्यानच्या सामानाचं पोतं आलं ते तुरीनानं एकटीनं उघडलं होतं. त्यात तसबीची जपमाळ होती, एक चप्पल होती आणि एक चपटी झालेली बाटली होती. त्या बाटलीवर आडव्या रेघांचा ठसा होता, एकाखाली एक, फणीनं ओढल्यासारखा. ती बाटली तिनं तांदळाच्या डब्यामागे ठेवली. फेकली नाही, दाखवली नाही. मेलेल्या भावाला निष्काळजी कोण ठरवणार? आणि वस्दीकाका तर सांगतच होते.

आज ती निघाली होती ती घाटापलीकडं पुरवोकेर्तोला, लेकीकडे. नातू उद्या पस्तीस दिवसांचा होणार होता. त्या दिवशी आमच्याकडे बाळाचा विधी असतो, आणि परवा लेक आणि बाळ दोघांना आजोळी आणायचं, याच गाडीतून, याच घाटातून. आता त्या बाटल्यांच्या वरातीत ते बाळ मांडीवर घेऊन बसलेली लेक तिला दिसू लागली, आणि अंड्यांची टोपली तिनं घट्ट धरली.

रस्ता चढू लागला. दस्कीम गाणं गुणगुणत होता. तुरीना बाटल्या मोजत होती. एक दाराशी. दोन सीटखाली. एक मोठी, दीड लिटरची, अर्धी भरलेली, ती कुठं गेली? मघाशी तिच्या टाचेला लागली होती. आता नव्हती.

“कांग, ती मोठी बाटली बघितली?”

आमच्याकडे कांग म्हणजे दादा. भावालाही तेच म्हणायचं आणि नवऱ्यालाही. यात कुणाला हसू येत नाही.

“तहान लागली का?”

“तहान नाही. मला ती दिसत नाहीय.”

“बाटली आहे ती, सासू नाही. कशाला नजर ठेवतेस?”

बुमीआयू मागं पडलं. चढ संपला आणि रस्ता जरासा खाली झुकला. मोठा उतार अजून पुढं होता, हा आपला छोटाच. पुढं बांबू भरलेला एक ट्रक चालला होता. बांबूंची टोकं मागं वावभर बाहेर आलेली आणि त्यांना लाल चिंधी बांधलेली. तो हळू झाला. दस्कीमनं ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला नाही.

दस्कीमचं गाणं थांबलं. त्यानं पुन्हा पाय मारला. प्लॅस्टिक चरचरल्याचा आवाज आला. लाल चिंधी मोठी होत गेली. त्यानं गियर खाली टाकला, गाडी गुरगुरली, तुरीना पुढं आपटली, टोपलीतली अंडी फुटली, आणि दस्कीम ओरडला, “ब्लाँग! ब्लाँग झाला!”

“पायाखाली!” तुरीना किंचाळली. “पायाखाली बघा!”

त्यानं टाचेनं लाथ मारली. एकदा, दोनदा. काहीतरी फुटलं, पाणी उडालं, पाय खाली गेला आणि ब्रेक लागला. गाडी थरथरत उभी राहिली. काचेला टक् असा आवाज झाला. बांबूचं एक टोक काचेला टेकलं होतं, बोट लावून पाहावं तसं. मग बांबूचा ट्रक पुढं निघून गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

दस्कीमनं गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि हळूहळू पुढं नेली.

मोठ्या उताराच्या तोंडाशी वस्दीकाकांची टपरी होती. अपघातानंतर त्यांनी गाडीवर बसणं सोडलं आणि इथं येऊन राहिले. ट्रकच्या चाकांवर पाणी मारायचं, हवा भरायची, चहा द्यायचा. अट एकच. पाणी हवं तर आधी केबिनमधला कचरा टपरीमागच्या पोत्यात टाकायचा. ड्रायव्हर लोक त्यांना बाटलीबाबा म्हणत.

“काय बाबा, आज किती बाटल्या पावल्या?” कुणी विचारायचं.

“तुझ्या गाडीत झुरळं आहेत,” काका म्हणायचे. “स्वच्छता म्हणजे अर्धा इमान, हे मदरशात शिकला होतास ना?” झुरळं, वास, इमान, डोकेदुखी, बायकोची नाराजी, सगळी कारणं ते द्यायचे. एक कारण सोडून.

दस्कीम गाडीतून उतरला. बाकावर बसलेल्या दोघा ड्रायव्हरांना त्यानं सांगितलं, “वाचलो रे! ब्लाँगच झाला होता.”

“अरेरे,” ते म्हणाले. “नशीब रे बाबा. वेळ आली नव्हती.” आणि त्यांनी सवयीनं माना हलवल्या.

काकांनी मात्र मान हलवली नाही. ते सरळ गाडीपाशी गेले, वाकून हातानं ब्रेक दाबून पाहिला. तो लोण्यासारखा खाली गेला आणि वर आला. “याला काय झालंय?” ते म्हणाले. “हा चांगला आहे.”

“मग मघाशी...”

तेवढ्यात तुरीना मागून आली. तिच्या पदराला अंड्यांचा बलक लागला होता. हातात ती मोठी बाटली होती, चेंबलेली, फुटलेली. तिनं ती काकांपुढं बाकावर ठेवली. बाटलीवर आडव्या रेघा उमटल्या होत्या, एकाखाली एक. ब्रेकच्या रबराच्या रेघा!

“अगदी अशीच बाटली,” ती म्हणाली, “माझ्या तांदळाच्या डब्यामागे आहे. पंधरा महिने आहे.”

वस्दीकाका बाटलीकडे बघत राहिले. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

“कुठून आली?” त्यांनी विचारलं.

“कांगच्या सामानातून.”

“ब्लाँग झाला होता, पोरी,” काका म्हणाले, पण इतक्या हळू, की स्वतःलाच विचारल्यासारखं.

टपरीच्या कोपऱ्यात खराटा होता, तो तुरीनानं उचलला. त्याच वेळी खालच्या मशिदीतून दिवेलागणीची बांग सुरू झाली.

“अगं, आता नको!” दस्कीम धावला. “ही वेळ आहे का? दिवस बुडताना झाडू! बरकत जाईल!”

“जाऊ दे!” तुरीना वळून म्हणाली. “बरकत गेली तर जाऊ दे, तू राहा! माझा एक कांग या उतारावर गेला. दुसरा मी पाठवायची नाही. आणि परवा ते बाळ तर नाहीच नाही!”

तेवीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं होतं. बाकावरचे दोघं ड्रायव्हर चहाच्या पेल्यात बघू लागले.

दस्कीम उभाच राहिला. काचेला टेकलेलं ते बांबूचं टोक अजून त्याच्या डोळ्यांसमोर होतं. बांग संपेपर्यंत तो तसाच होता. मग त्यानं पुढं होऊन तिच्या हातातला खराटा घेतला. रागानं नाही. “दे,” तो म्हणाला. “माझा उकिरडा आहे. मीच काढतो.”

आणि त्यानं काढला! टरफलं निघाली, थोटकं निघाली, चहाच्या पिशव्या निघाल्या. मोडक्या छत्रीचा दांडा, लेकीच्या लग्नाची पत्रिका, एकाच पायाच्या तीन चपला, आणि खरोखर अर्धा खजूर. बाटल्या अकरा. सगळ्यात शेवटी त्यानं उजवी-डावी चप्पल जोडीनं उचलली आणि सीटमागच्या खणात ठेवली. ब्रेकखालची जागा त्यानं हातानं पुसली, नमाजाची चटई घालायच्या आधी जमीन पुसावी तशी. बाकावरच्यांपैकी एक जण न बोलता उठला, आपल्या ट्रकपाशी गेला आणि सीटखाली हात घालू लागला.

“गेली का बरकत?” तुरीनानं विचारलं.

“आता बसायला जागा झाली,” दस्कीम म्हणाला. “असली तर येईल.”

मंडळी, आपण गाडी धुतो ती लोकांना दिसावी म्हणून. आत आपलं आपण बसतो, तिथं कोण बघतंय! पण जीव बाहेरच्या बंपरवर नसतो, तो आतल्या पायाखाली असतो. आणि जी गोष्ट हातातल्या खराट्यानं टळते, तिला नशीब म्हणू नये. तिला नशीब म्हणणं म्हणजे पुढच्याला त्याच उतारावर पाठवणं!

हे सगळं वस्दीकाकांना ठाऊक होतं. म्हणून तर ते पंधरा महिने अनोळखी माणसांच्या गाड्यांतून बाटल्या वेचत होते. दस्कीमनं अकराव्या बाटलीनंतर पोत्याचं तोंड बांधायला घेतलं, तेव्हा ते पुढं आले. बाकावरची चेंबलेली बाटली त्यांनी उचलली, पण पोत्यात टाकली नाही. दोन्ही हातांत धरून ते तुरीनापुढं उभे राहिले. त्यांच्याहून कितीतरी लहान बाईपुढं, मान खाली घालून.

“चाळीसाव्याला तुझी वहिनी मला म्हणाली,” ते म्हणाले, “काका, त्यांना त्रास झाला नाही ना? त्यांची चूक नव्हती ना? मी पुन्हा म्हणालो, ब्लाँग. ती तेवढ्यावर शांत झोपली. मग मी तेच म्हणत राहिलो. सगळे माझ्याबरोबर म्हणत राहिले. कुणी विचारलंच नाही.”

“मी आता विचारतेय, काका.”

मोठ्या उतारावरून एक भरलेला ट्रक गुरगुरत खाली निघाला. त्याचे मागचे लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली.

“कार्यान मला म्हणाला होता, काका, बाटली खाली टाकू नका. मी हसलो. ब्रेक शाबूत होता, पोरी. त्याच्याखाली बाटली होती. आणि ती माझी होती.”