दारावरची यादी

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. आज माझ्या पोटात दोन नाशपाती, अर्धा कोबी आणि दुधाचं एक पातेलं आहे. एवढीच माझी श्रीमंती. पण एके काळी या घरात माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

माझा जन्म कारखान्यातला. कामगारांनी पत्रा वाकवला, रंग फवारला आणि दाराला चारी बाजूंनी मऊ रबर बसवलं. शेवटी तपासनिसाने दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढून पाहिली. ती जागची हलली नाही. "पक्कं आहे," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मला घरी आणलं ते आईंनी. त्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये तीनशे माणसांचा स्वयंपाक करायच्या. अन्न टाकणं त्यांच्या जिवावर यायचं. कालची भाजी आज मी जशीच्या तशी परत दिली, की त्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "हा आहे म्हणून माझं घर चालतं." शेजारपाजारचे बर्फ मागायला यायचे. मी फुशारून जायचो.

पुढे माझा रंग उडाला. मग आईंच्या लेकीने, आमच्या ताईने, माझ्या दारावर लाकडासारखा दिसणारा जाड प्लास्टिकचा कागद चिकटवला. ताई घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकं बांधायचं काम करते. तिचा हात सफाईदार, त्यामुळे मी पुन्हा नवरदेवासारखा दिसू लागलो. फक्त एक झालं. त्या प्लास्टिकवर लोहचुंबक टिकेना, लावला की घसरून खाली.

आणि मग ताईला ते दुखणं लागलं. जेवण झालं की अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, डोकं फुटेल असं दुखायचं. दोन वर्षं दवाखान्यांचे उंबरठे झिजवले. अखेर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की अन्नातल्या हिस्टामिन नावाच्या रसायनाचा निचरा ताईच्या शरीराला नीट करता येत नाही. अन्न जितकं शिळं, तितकं ते जास्त. "महिनाभर शिळं, आंबवलेलं, डबाबंद काही नको. कापून ठेवलंत तर चांगलं थंड ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. मग एकेक पदार्थ परत सुरू करू."

ताई इतकी धास्तावली होती, की तिने आपल्या मनाने चुलीवरचं सगळंच सोडलं. काकडी, गाजर, कोबी, सफरचंद, नाशपाती, सगळं कच्चं. आईंना ते फार लागलं. "तीनशे माणसं जेवू घातली मी, आणि पोटची पोर सशासारखी गाजरं कुरतडत बसलीय!" असं म्हणत डोळे पुसायच्या. पण रोज सकाळी दिवसभराचं सगळं चिरून, किसून, डबे भरून माझ्या हवाली करायच्या.

पहिला महिना खरंच बरा गेला. गांधी कमी झाल्या. ताई गुणगुणत पुस्तकं शिवू लागली. मग तिने काय चालतं आणि काय नाही याची यादी केली. चुंबक तर टिकत नव्हता. तिने कामातला लोखंडी चिमटा घेतला आणि यादी माझ्या दाराच्या कडेला अडकवली. चिमट्याचा एक जबडा बाहेर कागदावर, दुसरा आत माझ्या रबरावर.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं दार पुरतं लागलं नाही.

फट केसाएवढी होती. पण बाहेरची उष्ण हवा आत शिरायला तेवढी पुरे. मी जीव तोडून घरघरत राहिलो. सकाळचा किस दुपारपर्यंत कोमट व्हायचा, दुधाला किंचित वास यायचा. आठ दिवसांत ताईच्या मानेवर पुन्हा गांधी उठल्या. "काकडीनेच झालं," ती म्हणाली आणि लाल पेन्सिलीने काकडीवर काट मारली. मग गाजर गेलं, सफरचंद गेलं. कशाने किती वाजता काय झालं, ते ती बारीक अक्षरात लिहायची. एका पानाची नऊ पानं झाली. लहान चिमट्यात ती मावेनात, म्हणून तिने पुठ्ठे धरायचा मोठा चिमटा आणला, आणि फट नखाएवढी झाली.

मी काय करणार? मला वाचा नाही. मी पाणी गाळलं, तर आई हसून म्हणाल्या, "म्हातारा झालाय, लाळ गळतेय त्याची," आणि माझ्या पायाशी फडकं टाकलं. मी दिवसरात्र घरघरलो, तर त्यांनी रेडिओ मोठा केला. माझ्या डोळ्यांदेखत पोर झिजत होती आणि तिला झिजवणारा मीच होतो. यासारखी दुसरी शिक्षा नाही हो!

सात महिन्यांत यादीत फक्त चार पदार्थ उरले. ताईच्या बोटांत दाभण धरायची ताकद राहिली नाही. अर्धी शिवलेली पुस्तकं टेबलावर तशीच पडून राहिली. आईंनी कळवलं, तसा डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल. उद्या ती यादी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ताईने पानं काढली आणि चिमट्यासकट पिशवीत टाकली. जाताना दार ढकललं, आणि माझं दार टप्पकन लागलं! सात महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला.

दुपारी आईंनी दूध काढायला पातेल्याला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "अगंबाई, इतकं गार?" बर्फाचा साचा पाहिला तर बर्फ दगडासारखा. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. रबरावर चिमट्याच्या दातांचा खोल वळ होता. त्यावरून त्यांनी हळूच बोट फिरवलं.

ताई रडवेली होऊनच परत आली. "बाई रागावल्या. म्हणाल्या, महिनाभर शिळं टाळा म्हटलं होतं मी, एवढी काटछाट कोणी सांगितली?"

"आधी इकडे ये," आई म्हणाल्या आणि तिचं बोट धरून त्या वळावर ठेवलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा! काकडीचा दोष नव्हता गं. तुझी यादीच अन्न नासवत होती."

 ताईने पुस्तकाच्या कागदाची एक पट्टी कापली, दारात धरून दार लावलं आणि ओढली. वळाशी पट्टी अलगद निघून आली. संध्याकाळी कारागिराने नवं रबर बसवलं. तिने पुन्हा ओढून पाहिली, पट्टी हलली नाही.

दुखणं काही पळालं नाही, मित्रांनो. ताई आजही जपून खाते, आणि आता डॉक्टरीणबाईंना विचारूनच. त्यांच्याच सांगण्यावरून नाशपाती परत आली. ताईने पहिली फोड खाल्ली. मायलेकी घड्याळ समोर ठेवून तासभर बसल्या. गांध उठली नाही. तेव्हा आईंनी दुसरी फोड पुढे केली.

यादी आता भिंतीवर खिळ्याला असते. आणि तुम्हांला माझं एवढंच सांगणं आहे, घरातलं माणूस झिजत असेल तर नुसती त्याच्या ताटावर काट मारत बसू नका. रोज हाताखालून जाणाऱ्या, कुरकुरणाऱ्या जुन्या वस्तूकडेही एकदा बघा. तिला बोलता येत नाही, पण ती सांगत असते.

आता आई दार लावतात आणि कोपऱ्यावर तळहात ठेवून मला विचारतात, "लागलं का रे नीट?" इतक्या वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं.