अप्पांचं ओलं फडकं

परळीत राहायचं म्हणजे थर्मल वीजकेंद्राच्या राखेशी संसार करायचा. सकाळी पुसलेलं दुपारी पुन्हा करडं दिसतं. त्यात आमचं दुकान भांड्यांचं. स्टीलवर राख बसली की गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणून आमचे हे, रुद्रप्पा, दिवसभर खांद्यावर ओलं फडकं टाकून फिरतात. नाव घेतलं, आता या वयात कशाला लाजायचं? घागर पुसतात, काउंटर पुसतात, गप्पा मारायला आलेल्या माणसाच्या गाडीचं सीटसुद्धा पुसून देतात. स्वतःच्या कपाळावरची विभूती तेवढी त्यांच्या हातून सुटली आहे.

आमची शिवांजली बीएस्सी झाली आणि तिला लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर-प्रणालीचं वेड लागलं. घरात कॉम्प्युटर नव्हता. तिनं मोबाईललाच वायरनं कीबोर्ड जोडला, फोन एका तांब्याला टेकवला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं लिहायला लागली. चित्र नाही, बटण नाही. नुसते हुकूम लिहायचे आणि मशीननं ते ऐकायचे. त्याला ती टर्मिनल म्हणते. त्यातून म्हणे दुसऱ्या गावचं मशीनही चालवता येतं. मी म्हटलं, बाई गं, तुझं ऐकणारं कुणीतरी सापडलं एकदाचं.

घरात रेंज नाही, म्हणून ती दुकानाच्या काउंटरवर बसायची. ह्यांना ते पटत नव्हतं. "हातचं सोडून पळत्याच्या मागं कावून लागायचं? दुकान हाय की," म्हणायचे. शेवटी बापलेकीत ठरलं. पुण्याची एक कंपनी मशीनं सांभाळायला माणसं घेणार होती, तिची परीक्षा द्यायची. निवड झाली तर पुणं. नाही झाली तर टर्मिनल मिटवायचं आणि दुकानात बसायचं. पोरीनं मान डोलावली, पण त्या दिवशी धड जेवली नाही.

परीक्षा अशी होती: पुण्यातल्या एका मशीनवरची सगळी माहिती दुसऱ्या मशीनवर हलवायची, काही न हरवता, दुपारी तीनच्या आत. शिवांजलीनं सकाळी इथूनच हुकूम दिला आणि माहिती थोडी थोडी सरकू लागली. मध्येच थांबली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ उरणार नव्हता. दुपारी मी तिला बळंच आत जेवायला बसवलं. तुझं मशीन काही पळून जात नाही, म्हटलं.

ती जेवतेय तोवर मी बाहेर डोकावले. हे काउंटरपाशी उभे, हातात फडकं. फोनवरचा काळा पडदा गेला होता.

"काय केलंत?"

"काई न्हाई. राख बसली व्हती. पुसला."

ओल्या फडक्याचे चार हात फिरल्यावर फोनला वाटलं असेल, कुणी बोटंच फिरवतंय. टर्मिनल बंद झालं होतं. मला असा संताप आला! "जन्मभर भांडी पुसलीत, आता पोरीचं नशीब पुसा," म्हणाले मी.

शिवांजली आली. ह्यांनी एकही सबब सांगितली नाही. "शिवे, माझ्या हातनं तुझं काम मोडलं बघ. त्या पुण्यावाल्यांला फोन लाव. चूक माझी हाय म्हणून मी सांगतो."

तिनं फोन पुढं ओढला. टर्मिनल उघडलं, पासवर्ड टाकला, एक छोटासा हुकूम लिहिला. माझा जीव टांगणीला लागलेला. पडद्यावर आकडे आले. आकडे पुढं सरकत होते.

"चालूच हाय," ती म्हणाली आणि खाली बसून हसायलाच लागली. "अप्पा, फोन नुसती खिडकी हाय. काम तिकडं पुण्यात चाललंय. खिडकी मिटली तरी काम थांबू नये, अशी सोय आधीच करून ठिवली व्हती मी."

"कावून? मी पुसणार हे तुला काय ठाऊक?"

"तुमचं न्हवतं ठाऊक. सरावाच्या येळी माझं काम सारखं मधीच तुटायचं. मला वाटायचं, जुना फोन हाय, आपोआप बंद पडतोय. लई रडले. मग शोधून शोधून हा उपाय शिकले." तिनं ह्यांच्याकडं रोखून बघितलं. "तवा पण पुसायचा का तुमी फोन?"

ह्यांनी हातातल्या फडक्याकडं बघितलं. "रोज," म्हणाले.

तीनच्या आधी सगळी माहिती पोचली. त्याच आठवड्यात पुण्याहून एका मॅडमचा फोन आला. शिवांजलीनं स्पीकर लावला.

"बऱ्याच जणांचं काम मध्येच तुटलं. तुझं नाही. ही खबरदारी कुठं शिकलीस?"

"घरीच," शिवांजली म्हणाली आणि तिनं फडक्याची सगळी कथा सांगितली. मॅडम खूप हसल्या.

"पुढच्या महिन्यात रुजू हो. आणि अप्पांना सांग, इकडच्या मशीनला हात लावायचा नाही."

हे फोनपाशी वाकले. "कोरड्या फडक्यानं चालंल का, म्याडम?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. पोर जाणार याचं होतं, आणि जाऊ शकते याचंही.

संध्याकाळी ह्यांनी नेहमीसारखं काउंटर पुसायला घेतलं. तांब्याला टेकलेल्या फोनपाशी हात आला आणि थांबला. फोनवर राख बसली होती.

"शिवे," त्यांनी आत हाक मारली, "पुसू का?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून, पुसायच्या आधी त्यांनी कुणाला विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.