दर दोन तासांनी

दर गुरुवारी सकाळी दहा वाजता मावशीचं पत्र सुटायचं. पत्र म्हणजे ईमेलच, पण लिहिणारी आणि वाचणारे त्याला पत्रच म्हणत. सहा हजारांवर माणसं ते वाचत आणि प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचा तरणाताठा मुलगा. आजाऱ्याला आडव्या चादरीनं कसं सरकवायचं, टाच गादीला टेकू कशी द्यायची नाही, माकडहाडावरचा लाल डाग बोटानं दाबून कसा तपासायचा, असलं सगळं त्या पत्रात असे. डॉक्टर हे सांगत नाहीत. ते म्हणतात, "दर दोन तासांनी कूस बदला," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. ऐंशी किलोच्या माणसाची कूस बदलायची म्हणजे काय करायचं, हे त्यांनी एकदा करून बघावं!

मावशी सहा वर्षं करत होती. तिचा नवरा शाळेत व्यायाम शिकवायचा. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मुलांना दोरावर चढून दाखवताना वरून पडले, मणका मोडला आणि छातीखालचं अंग गेलं ते गेलंच. जीभ शाबूत, डोकं शाबूत. शाळेनं निरोप म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला कुठं जायचं नाही त्याला घड्याळ! पण मावशीनं ते खाटेसमोर लावलं आणि त्याच्यावर दोन-दोन तास मोजायला लागली. डावी कूस, पाठ, उजवी कूस.

दर बुधवारी दुपारी ती पत्र मास्तरांना वाचून दाखवायची. मास्तर एरवी फारसं बोलत नसत, पण तेवढ्यापुरते जागे व्हायचे.

"'अलगद फिरवा' म्हणजे काय गं? अलगद म्हणजे किती? मोजून सांग त्यांना. एकला गुडघा वाकवा, दोनला खांद्याला आणि कमरेला हात, तीनला आपल्याकडे. मोजलं की माणूस घाबरत नाही."

ते एक-दोन-तीन लोकांना फार आवडलं. पाणीपुरवठा खात्यातला एक कारकून आपल्या आईला एकटा सांभाळत होता. त्यानं लिहिलं होतं, "मावशी, आता आई पण माझ्याबरोबर मोजते." मास्तरांनी ते दोनदा वाचायला लावलं होतं.

मग मावशीची कंबर गेली. मास्तरांना फिरवताना अशी कळ आली की ती खाटेचा कठडा धरून तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "एकटीनं उचलणं बंद. नाहीतर शेजारी दुसरी खाट टाकावी लागेल, आणि मग दोघांची कूस कोण बदलणार?" म्हणजे मदतनीस बाई ठेवायला हवी, घरीच राहणारी. तिचा पगार कुठून आणायचा? शिल्लक म्हणाल तर औषधांनी कधीच खाल्ली होती.

धाकटा दीर धावत आला. पाण्याच्या फिल्टरच्या दुकानात नोकरी करायचा आणि उरल्या वेळात इंटरनेटवर काय काय विकायचा. पत्राची यादी, ती पाठवायची यंत्रणा, सगळं त्यानंच बसवून दिलेलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"वहिनी, विहिरीच्या काठावर बसून तहानलेल्या राहिलात तुम्ही," तो म्हणाला. "सहा हजार माणसं तुमचा शब्द ऐकतात. दोन रस्ते आहेत. एक, तुमचं स्वतःचं काहीतरी काढा. व्हिडिओचे बारा धडे करू आणि विकू. दुसरा, दुसऱ्याचा माल. अफिलिएट म्हणतात त्याला. पत्रात लिंक टाकायची, कुणी घेतलं की आपल्याला कमिशन. पहिल्यात घाम आपला, दुसऱ्यात नुसतं बोट."

"घाम चालेल," मावशी म्हणाली. लोक किती दिवस मागे लागले होते, मावशी, वाचून कळत नाही, एकदा करून दाखवा ना.

रविवारी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर दीर आडवा झाला. फोन खुर्चीवर उभा केला. मावशीला जोर लावायचा नव्हता, नुसता हात कुठं ठेवायचा ते दाखवायचं होतं. तिनं एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि तीन म्हणायच्या आत दीर आपला आपण वळून मोकळा!

"भाऊजी, मदत करू नका."

"मी कुठं करतोय?"

पुन्हा तेच. तिनं गुडघ्याला हात लावला की कंबर आपोआप उचलली जायची. तो दात-ओठ खाऊन अंग सैल सोडायचा, म्हणजे आणखीनच ताठ व्हायचा. दहादा केलं, दहाही वेळा तो आपल्या पायांनी वळला. धडधाकट माणसाला अंग सोडता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. आणि असला व्हिडिओ बघून कुणी घरी गेला आणि आईचं अंग आपणहून वळेल म्हणून वाट बघत बसला तर?

दीर उठून बसला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघायला लागला.

"वहिनी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? दादा आहे ना."

"खबरदार!" मावशी म्हणाली. "पुन्हा बोलू नका."

मास्तर म्हणजे काय अंग होतं एके काळी! मैदानावर उघड्या अंगानं उभे राहिले की मुलं श्वास रोखून बघायची. आता पाय काड्यांसारखे, पोट सैल, बाजूला लघवीची पिशवी लटकलेली. हे सगळं परक्या माणसांनी बघायचं? त्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी कुणी बघितलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना विचारायचं म्हणजेसुद्धा त्यांचा अपमान. तिनं विचारलं नाही.

मग दगडापेक्षा वीट मऊ म्हणून ती दुसऱ्या रस्त्यानं गेली. दिरानं हवेच्या गादीची कंपनी शोधली. गादी तशी बरी होती. तिच्यातल्या नळ्या आळीपाळीनं फुगतात, एकाच जागी भार राहत नाही. कंपनीनं मजकूर तयारच पाठवला. त्यात एक वाक्य होतं, "आता दर दोन तासांनी उठायची गरज नाही."

मावशीनं ते खोडलं. गादी कसलीही असो, कूस बदलावीच लागते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कंपनीचं उत्तर आलं की मजकूर मान्य नसेल तर लिंक मिळणार नाही. दिरानं मध्यस्थी केली, बरीच घासाघीस झाली. शेवटी वाक्य ठरलं, "आता तुम्हीही रात्रभर निवांत झोपा." हे खोटं नव्हे, असं दीर म्हणाला. खोटं नव्हे, असं मावशी स्वतःलाही म्हणाली. तिची कंबर ठणकत होती, आणि ठणकत्या कमरेला पटकन पटतं.

त्या बुधवारी मास्तरांनी विचारलं, "पत्र?"

"या आठवड्यात जुनंच पाठवतेय," ती म्हणाली.

"बरं," मास्तर म्हणाले आणि घड्याळाकडे बघत राहिले.

गाद्या धडाधड खपल्या. मावशीनं सांगितलंय म्हटल्यावर कोण कशाला विचार करतंय! दीर पेढा मिळाल्यासारखा नाचला. पुढच्या महिन्यात मदतनीस बाई आली, चांगली दणकट, हसतमुख. मावशी सहा वर्षांत पहिल्यांदा दुपारची आडवी झाली.

आणि मग कारकुनाचं पत्र आलं.

"मावशी, तुम्ही सांगितलंत म्हणून गादी आणली. पहिल्या रात्री घाबरत झोपलो, मग सवय झाली. किती वर्षांनी सलग झोपलो, तुमचे उपकार. परवा आईला अंघोळ घालताना कमरेखाली जखम दिसली. आत हाड दिसतंय. आई काही बोलली नाही, तिला तिथं कळतच नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार. गादीत हवा कमी भरली का मी? काय चुकलं ते सांगा, म्हणजे पुन्हा करणार नाही."

त्यानं एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं. मावशी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. चहा उतू गेला, गॅस विझला, तिला पत्ता नाही. मग तिनं उत्तर लिहिलं. आजच्या आज दवाखान्यात न्या, चूक तुमची नाही, माझी आहे, गादी असली तरी कूस बदलायचीच असते, हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. पाठवून ती आतल्या खोलीत गेली आणि मास्तरांना सगळं सांगून टाकलं. गादी, ते वाक्य, दिराला दिवाणावर लोळवलं तेसुद्धा. शेवटी कारकुनाचं पत्र वाचून दाखवलं. वाचताना रडली.

मास्तरांनी घड्याळावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"भाऊला वळवत होतीस? त्याच्या पायात जीव आहे, तो दुसऱ्याकडून कसा वळवून घेईल?" ते म्हणाले. "मी इथं आत होतो ना."

"तुम्हाला कसं विचारणार? त्या कॅमेऱ्यासमोर, कपडे काढून..."

"तू रोज काढतेस."

"मी वेगळी. लोकांनी तुम्हाला असं बघावं आणि मी..."

"तुला लाज वाटली," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझी. मला नाही वाटत. बावीस वर्षं मी उघड्या अंगानं पोरांसमोर उभा राहिलो. अंग दाखवून शिकवायचं, हेच तर माझं काम होतं. सहा वर्षांत मला कुणी काम दिलं नाही गं. एक आलं होतं दारापर्यंत, ते तू बाहेरच्या बाहेर परत पाठवलंस."

ज्यांची लाज राखायला मावशीनं ते गादीचं पत्र पाठवलं होतं, त्यांनाच लाज वाटत नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आला. मदतनीस बाई एका बाजूला, मावशी दुसऱ्या. चादर दूर केली. मास्तरांनी कॅमेऱ्याकडे बघून घसा साफ केला आणि मैदानावरचा आवाज काढला, त्या घरात सहा वर्षं न ऐकलेला.

"नीट बघा. हे अंग तुम्हाला कसलीही मदत करणार नाही. हे आधी डोक्यात घ्या. आता मोजा माझ्याबरोबर. एक!"

धडा सहा मिनिटांचा झाला. दीर भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. मास्तरांच्या गालांवर रंग आला होता. "हा विकायचा नाही," ते म्हणाले. "हा सगळ्यांना तसाच द्या. पुढचे अकरा विकू. आणि त्या कारकुनापर्यंत तो पोचायलाच हवा."

गुरुवारी पत्र गेलं. मावशीनं वरतीच लिहिलं की गादीच्या पत्रात मी चुकले, झोपू नका, कूस बदला. पूर्वी तासाभरात निम्मे लोक पत्र उघडायचे. आता दिवस मावळला तरी पाव हिस्सासुद्धा नाही. उत्तरं आली ती अशी: "आता नवीन काय विकताय, मावशी?" एकीनं लिहिलं, "आधी गादी, आता नवरा." शंभरएक जणांनी नाव काढून घेतलं. काढून घेतलेल्या नावांची यादी वेगळी दिसते. मावशी ती बघत खाली खाली गेली, आणि कारकुनाचं नाव तिथं सापडलं. त्यानं नाव काढलं ती तारीख धडा पाठवायच्या आदल्या दिवसाची होती. म्हणजे पत्र त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिच्या माफीलाही त्यानं उत्तर दिलं नव्हतं, आणि ज्यानं नावच काढून घेतलं त्याला पुन्हा कोणत्या तोंडानं लिहायचं? त्याच्या आईचं काय झालं, ते कळायला आता मार्ग नव्हता.

ती आत गेली तेव्हा बाईनं मास्तरांना नुकतंच दाराच्या बाजूच्या कुशीवर वळवलं होतं. ते वाटच बघत होते.

"कारकुनानं बघितलं का गं?"

आता खरं सांगायचं, असं दारातून आत येईपर्यंत तिनं ठरवलं होतं. त्यांना न विचारता, न सांगता काही करायचं नाही, हे तिनं आठच दिवसांपूर्वी त्यांच्या हातावर हात ठेवून कबूल केलं होतं. तिनं त्यांचा चेहरा बघितला. सकाळी त्यांनी आपणहून दाढी करून घेतली होती, दुसऱ्या धड्यासाठी.

"बघितलं," मावशी म्हणाली.

"काय म्हणतोय? वाचून दाखव की."

तिनं खुर्ची ओढली, चष्मा लावला, फोन हातात धरला आणि न आलेलं पत्र सावकाश वाचायला सुरुवात केली.