मसाला वाटाले कोणं सांगतलं

माह्यं तोंड वाईट आहे हे साऱ्या गावाले माहीत आहे. मी कोणाचं ऐकून घेत नाही. पण ही गोष्ट सांगतांना मले मान वर करता येत नाही, तेव्हा मधात कोणाले काही बोलाचं असंन तर बोला, आज ऐकून घेईन.

संक्रांत होऊन पंधराक दिवस झाले होते. आमच्या शेजारचे मारोतराव भाऊजी छातीत दुखते म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात भरती होते. त्यायचा लहाना भाऊ भगवानराव जीप करून घेऊन गेलता. पोरगी प्रेरणा बाभुळगावले दिलेली, ती तिकडून परस्पर दवाखान्यात. घरी एकटी लीलावयनी, म्हणजे मारोतरावची बायको. तिले शुगर, गुडघे कामातून गेलेले, म्हणून तिले नेलं नव्हतं. आमच्या आन् तिच्या घराची भिंत एकच आहे. मी इकडं शिंकली तर ती तिकडून विचारते, सर्दी झाली काय वं.

सकाळी अकराले भगवानरावचा मले फोन आला. दादा गेले, म्हणे. दहाले गेले. कागदपत्रं होऊन गाडी गावात यायले चार वाजतील. लीलावयनीले आताच सांगू नका, ती काल सकाळपासून उपाशी आहे, कळलं तर पाण्याचा घोट घेणार नाही आन् मंग तिचंही काही बरंवाईट होईन. तिले पोटभर जेवू घाला, तेवढं करा.

मी हो म्हणलं. माणूस मेल्याचं दुःख झालंच, मारोतराव भाऊजी देवमाणूस. पण खरं सांगते म्हणलं तर पुरं सांगते. एवढ्या घरातून भगवानरावले मीच सुचली याचं मले मनात बरंही वाटलं.

आता तिले जेवाले न्यावं काय? आमच्याकडं शेजारी मयत असली की अग्नी देऊन होईपर्यंत आपली चूल पेटवत नाहीत. मंग संध्याकाळी शेजारचे लोक त्या घरी कडू घास नेतात. भाकर आन् वरण. वरणात हळद नाही, फोडणी नाही. लीलावयनीनं आजवर पन्नास घरी असं वरण नेलं असंन. तसलं पांढुरकं वरण तिच्यासमोर ठेवलं असतं तर झाकण काढल्याबरोबर तिनं वळखलं असतं. खिचडी नेली असती तरी म्हणाली असती, काहून वं, कोण बिमार आहे? म्हणजे फोडणी द्याच लागत होती, आन् तीही भिंतीपल्याड ऐकू जाईन अशी.

मी गॅस पेटवला. आमचे हे सरणाच्या लाकडाच्या सोयीसाठी निघाले होते, ते दारातच थांबले. भिंतीपल्याडचा माणूस गेला आन् तू कढई ठेवून राह्यली, लाज नाही वाटत काय, दबक्या आवाजात म्हणे. मी म्हणलं, भगवानरावनं सांगतलं आहे, तुम्ही आपलं काम पाहा. ते निघून गेले.

घरात वांगे होते. कांदा-टमाट्याची साधी फोडणी देऊन दहा मिनिटात भाजी झाली असती. पण या वांग्याची एक जुनी गोष्ट आहे. प्रेरणाच्या लग्नात, बारा वर्षं झाली, हळदीच्या दिवशीची भाजी मी केलती. तवा लीलावयनी भर पंगतीत म्हणाली, पुष्पे, वांगे पोहाले सोडले काय वं? सारी पंगत हासली. तवापासून माह्या हातची भाजी तिच्या घरी गेली की वाटी वापस येतांना बोलणं आलंच. आज पाणी कमी पडलं काय. आज तिखट माहेरी गेलं काय. मीही तिले सोडलं नाही म्हणा. पण ते मले लागलं होतं.

तर मी वांगे चिरले आन् माही नजर खोबऱ्याच्या वाटीवर गेली. खोबरं भाजलं. कांदा जाळावर भाजला. खसखस काढली. मिक्सर होतं घरात, तरी पाटा धुतला आन् त्याच्यावर वाटलं, कारण पाट्यावरच्या मसाल्याची चव अलग. वयनी पोटभर जेवली पाहिजे, असं मी मनाले सांगत होती. खोटं होतं ते. मले तिच्या तोंडून चांगलं झालं म्हणून ऐकाचं होतं. तिकडं तिच्या नवऱ्याले सरकारी चादरीत गुंडाळत असतील आन् इकडं मी तर्री लाल झाली का नाही ते पाहून राह्यली होती.

बाराले मी ताट घेऊन गेली. वयनी देवाजवळ वाती करत बसली होती. म्हणे, वास तर कवाचा येऊन राह्यला, आज काय आहे तुह्या घरी? मी म्हणलं, काही नाही, खाऊन घे. पहिला घास तिनं जबरदस्तीनं घेतला. दुसरा हळूहळू. मंग थांबली, माह्याकडं पाह्यलं, आन् म्हणाली, आज जमलं वं तुले.

बारा वर्षं मी या शब्दाची वाट पाह्यली. आन् मी हासली. सांगाले जीभ रेटत नाही, पण हासली. वरून म्हणलं, अजून घे ना.

तिनं दुसरी भाकर घेतली. तर्री बोटानं पुसून घेतली. मंग तिले नवऱ्याची आठवण आली. म्हणे, ह्यायले वांगे लय आवडते, डॉक्टर तिखट खाऊ देत नसंन, पण सुट्टी झाल्यावर तू अशीच करून आण, मी सांगणार नाही कोणाले. मी हो म्हणलं. ती म्हणे, भगवानभाऊजीचा फोन लागून राह्यला नाही, तुले आला काय? मी म्हणलं, नाही. ताट उचललं आन् घरी आली. घरी येऊन कढईतली उरलेली भाजी मीही खाल्ली. मस्त झालती.

चारले गाडी आली. वयनी दारात उभी होती, तिले वाटलं सुट्टीच झाली. मंग प्रेरणा उतरली, तिचं तोंड पाहून वयनी खाली बसली. बाया धावल्या. मीही तिले धरलं. तिनं दोन्ही हातानं तोंड झाकलं आन् एकदम हात दूर केले. उठली, भिंतीले धरत मोरीवर गेली आन् हात धुवाले लागली. साबण लावला, पुन्हा लावला. बायाईले वाटलं, डोकं फिरलं बिचारीचं. मले माहीत होतं. तिच्या बोटाले माह्या मसाल्याचा वास होता.

दिवस बुडाच्या आत अग्नी झाला. माणसं आंघोळी करून आली. मी वरण-भाकर घेऊन गेली, यावेळी रीतीचं. न जाऊन कसं चालते, भिंत एकच. वयनी कोपऱ्यात बसली होती, बाजूले प्रेरणा, दारात भगवानराव. मी ताट समोर ठेवलं.

वयनीनं प्रेरणाले विचारलं, "किती वाजता गेले?"

"दहाले, आई."

वयनीनं समोरच्या ताटाकडं पाह्यलं. मंग माह्याकडं पाह्यलं. "तुले माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. दुपारी तर म्हणलंच होतं. पण तिच्या डोळ्यासमोर माही जीभ वळली नाही. मी म्हणलं, "हो." आन् तेवढ्यावर थांबाचं सोडून, आपली मान सोडवासाठी म्हणलं, "भगवानभाऊजीनं सांगतलं होतं, तुले जेवू घालाले."

भगवानराव खाली पाहून राह्यला.

वयनीचा आवाज बसला होता, तरी साऱ्यायले ऐकू गेला. "त्यायनं जेवू घालाले सांगतलं. मसाला वाटाले कोणं सांगतलं?"

ज्या बाईचं तोंड साऱ्या गावात चालते ती ताटातली भाकर सारखी करत राह्यली. बायाईले नीट समजलं नसंन, त्या माह्याकडं पाहत होत्या. वयनीले पुरं समजलं होतं. भिंतीपल्याडून तिनं पाटा ऐकला होता, आन् मी कोणासाठी वाटून राह्यली होती तेही आता तिले कळलं होतं.

प्रेरणानं घास केला आन् आईच्या तोंडाजवळ नेला. मले वाटलं, वयनी ताट फेकणार. फेकावं, असं मी मनातून देवाले म्हणत होती. पण तिनं तोंड उघडलं. माह्याकडं न पाहता, रीतीचे तीन घास, माह्याच हातचे, चावून चावून खाल्ले.