नगरहून आलेला टीव्ही

सोनईच्या बाजारपेठेत जयमालाचं टीव्ही-फ्रिजचं दुकान आहे. नवरा गेला तेव्हा भावकी म्हणाली, गाळा भाड्यानं देऊन टाक. तिनं ऐकलं नाही. गिऱ्हाइकाच्या घरी टीव्ही बसवायलाही तीच सोबत जायची. घरच्या बाईनं हळदकुंकू वाहिलं की पहिलं चॅनेल लावून द्यायची, आणि चहा घेतल्याबिगर तिला कुणी सोडायचं नाही.

पण तिची खरी वेळ संध्याकाळची. डेअरीत दूध घालून कलाबाई रिकामी किटली घेऊन दुकानात यायची. कधीकाळी मिक्सर दुरुस्तीला घेऊन आली होती, टेकली ती टेकलीच. दुकानातल्या टीव्हीवर मालिका बघायची, त्यातल्या सासूला शिव्या द्यायची, मधेच स्वतःच्या सासूचं गाऱ्हाणं काढायची. जयमालाला घरी बोलायला कुणी नव्हतं. दिवसभराचं सगळं ती कलाबाईसाठी साठवून ठेवायची.

कलाबाईचं मळ्यात नवं घर होत आलं होतं. "मोठा टीव्ही तुज्याकडूनच," ती म्हणाली होती. जयमालानं चांगलासा संच मागवून आतल्या खोलीत ठेवला. दुसऱ्या गिऱ्हाइकानं मागितला तर सरळ नाही म्हणाली.

आणि एका दुपारी कलाबाईचा मुलगा योगेश टेम्पो घेऊन दुकानासमोरून गेला. मागं नगरच्या मोठ्या मॉलची खोकी दोरानं आवळलेली. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन. योगेशनं मान वळवली नाही.

जयमालाला राग आला, खोटं कशाला बोला. तिनंही तो मॉल एकदा पाहिला होता. भिंतभर चालू टीव्ही, गारेगार हवा, हप्त्याची सोय. तिथं गिऱ्हाइकाला ज्या भावात माल मिळतो, त्या भावात तिला तो घाऊकातही मिळत नव्हता. योगेशच्या जागी आपण असतो तर आपणही तिथंच गेलो असतो, हे तिला कळत होतं. राग हळूहळू निवला.

कलाबाई मात्र त्या संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. मग कळलं, ती आता डेअरीला मागच्या गल्लीनं जाते.

जयमाला रोज मालिका लावायची. आवाज जरा मोठाच ठेवायची, नजर रस्त्यावर. किटलीची कडी वाजल्यासारखी वाटली की उठून दारात यायची. दुसरंच कुणीतरी असायचं. आत ठेवलेला संच विकला गेला, त्याचं तिला काहीच वाटलं नाही. पण सांगायच्या गोष्टी साठत चालल्या होत्या, आणि त्या ऐकणारं माणूस चार पावलांवरून लपून जात होतं.

वास्तुशांतीचं आवतण योगेशची बायको मोनिका देऊन गेली. जयमाला गेली. हॉलच्या भिंतीवर टीव्ही होता, पण त्याच्यावर चादर टाकलेली. तिला बघताच कलाबाई स्वयंपाकघरात शिरली. जयमाला मागोमाग गेली.

"माज्याकडं बघ तरी."

कलाबाई पुऱ्या लाटत राहिली. "कोन्त्या तोंडानं बघू? पोरगा म्हनला नगरला लई सूट हाय. मला न्हाई म्हनवलं न्हाई."

"टीव्हीचं कोन विचारतंय?"

"मग?"

"तू येत का न्हाईस?"

लाटणं थांबलं. "रोज निघती गं. चौकापर्यंत येती. फुडं पाय उचलत न्हाई."

"आन् ती चादर?"

"म्याच टाकली. तू येनार म्हनून."

जयमालाला हसू आलं आणि डोळेही भरले. हॉलमध्ये जाऊन तिनं चादर ओढून काढली, घडी करून मोनिकाच्या हातात दिली. मग हळदकुंकवाचं बोट टीव्हीच्या कडेला टेकवलं. "चांगला हाय," ती म्हणाली. "उन्हाची तिरीप पडती तेवढी. खिडकीला पडदा लावा."

पुढच्या सोमवारी कलाबाई दुकानात आली. जयमालानं मालिका लावली, पण कलाबाईनं तो भाग घरी बघितलेला होता. पुढं काय होतं ते तिनं सांगून टाकलं. मग दोघी नुसत्याच बघत बसल्या. जाहिराती लागल्या तशी ती उठली.

"जाती. सून एकटीच हाय."

"बस की जरा."

"यीन परत."

ती येते, आठवड्यातून एखाद्या वेळी. बाकीच्या दिवशीही जयमाला शटर जरा उशिरानंच ओढते.